नव्या गाडीला आवाज नाही

शिरूर
६ एप्रिल १९९९

प्रिय अंजना,

जयभीम. गाडी घेतली. काल घोडनदीच्या पुलापर्यंत नेली, आज तळेगाव ढमढेऱ्याला. तुला सगळं लिहितो, कारण इथे ऐकायला कोणी नाही. जनावरांच्या दवाखान्यातला आमचा शिपाई ऐकतो, पण मध्येच उठून जातो.

हिरो होंडा आहे. शंभर सीसी, रंग काळा, टाकीवर लाल पट्टा. बुलेट पडवीत पोत्याखाली उभी आहे. विकेन, पण इतक्यात नाही.

पहिली गोष्ट म्हणजे ही हलकी आहे. बुलेट स्टँडवरून उतरवायची तर आधी श्वास घ्यावा लागायचा. हिला वासरासारखं कानाला धरून फिरवता येतं. बुलेटला किक मारण्याआधी हेडलाइटवरच्या मीटरचा काटा मध्यावर आणायचा, हँडलखालची दांडी दाबायची, पिस्टन कुठे आहे याचा पायाने अंदाज घ्यायचा आणि मग मारायची. चुकलं तर किक उलटी बसायची. माझ्या नडगीवरचा वण तू पाहिला आहेस. हिला पायाने नुसतं ढकललं की सुरू होते. काल मी ती सुरू केली आणि सुरू झाली आहे की नाही तेच कळेना. पुन्हा बंद केली, पुन्हा सुरू केली. शेवटी टाकीवर तळहात ठेवून पाहिला, गाभण म्हशीच्या कुशीला लावतो तसा. आत थरथर होती.

दुसरी गोष्ट पायाची. बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. हिला उलट. हे दुकानदाराने सांगितलं, मी मान हलवली. शिक्रापूरच्या अलीकडे म्हैस आडवी आली आणि मी डावा पाय दाबला. गाडी थांबली नाही, गिअर तेवढा बदलला. म्हैस स्वतःहून बाजूला झाली म्हणून बरं. डोक्याला एका दिवसात कळतं, पायाला कळत नाही. आता गाडीवर बसताना उजवी मांडी थोपटून घेतो, म्हणजे ब्रेक कुठे आहे ते लक्षात राहतं.

तिसरी गोष्ट आवाजाची. तो नाहीच. तळेगावात एका गवळ्याकडे आजारी म्हैस बघायला गेलो होतो. एरवी मी पोहोचायच्या आत तो खांद्यावर टॉवेल टाकून दारात उभा असतो, हातात पाण्याचा तांब्या. आज मी सरळ गोठ्याशी जाऊन उभा राहिलो. तो पाठमोरा होता. दुधाच्या कॅनमध्ये पाणी ओतत होता. वळला आणि तसाच राहिला. मग म्हणाला, “सायेब, फटफटी कुठंय?” मी गाडी दाखवली. त्याने गाडीकडे पाहिलं, मग कॅनकडे, मग माझ्याकडे. “मग निदान हॉर्न तरी मारत जावा की.” परत येताना शिक्रापूरपर्यंत मी एकटाच हसत होतो.

सत्तावीस वर्षं लोक मला लांबून ऐकत होते, हे मला माहीतच नव्हतं. बुलेटवर बसलेल्याला बुलेटशिवाय काही ऐकू येत नाही.

करुणा कशी आहे? तिला म्हणावं पत्राच्या शेवटी एक ओळ लिहीत जा. सतीशची पाळी कोणती चालू आहे? कुरकुंभच्या कारखान्यात हल्ली रात्रपाळीत फार वास येतो असं इथल्या एकाकडून ऐकलं. त्याला तोंडाला फडकं बांधायला सांग.

करुणाची आई गेली तेव्हा तू स्वतःचं घर सोडून माझ्या चुलीपाशी येऊन राहिलीस. म्हणून तिला तुझ्या सतीशला देताना मला चौकशी करावी लागली नाही. लोक दहा ठिकाणी विचारतात. मी तुझ्याकडे एक कप चहा प्यायलो आणि हो म्हणालो. गाडीवर एकटा असलो की हे पुष्कळदा आठवतं. बरं वाटतं.

पाय बसले की तिकडे येतो.

तुझा दादा
साहेबराव


केडगाव
१४ एप्रिल १९९९

दादा,

आज जयंती. वस्तीवर सकाळपासून लाऊडस्पीकर लावला आहे, म्हणून पत्रात चुकाबिका झाल्या तर बोलायचं नाही.

गाडी घेतलीस ते झकास केलंस. म्हातारपणी माणूस काठी घेतो, तू होंडा घेतलीस. पण मला बुलेटचं वाईट वाटलं. तुझी फटफटी कालव्याच्या पुलावर आली की मला चुलीपाशी ऐकू येते. मग मी आधण ठेवते. करुणा साडी बदलायला जाते. कुत्रं रस्त्याला जाऊन बसतं. तू दारात येतोस तेव्हा चहा कपात असतो आणि तू दर वेळी म्हणतोस, अंजे, तुला कसं कळतं गं? आता कसं कळणार? आता तू येशील आणि मी केस मोकळे सोडून बसलेली असेन भुतासारखी. म्हणून येण्याआधी कार्ड टाक. नुसता येऊ नकोस.

करुणा बरी आहे. उन्हानं वाळली आहे जरा. कामाला आहे, पण हात जड आहे आणि झोप फार. मी तिला सांगते, तुझी आई पहाटे उठायची. अजून पोटात काही नाही. दौंडला एका बाईडॉक्टरकडे नेणार आहे. तू काळजी करू नको. माझ्या घरात आहे ती, कोणा परक्याच्या नाही.

सतीशला रात्रपाळी आहे. सकाळी येतो आणि दिवसभर झोपतो. आम्ही दोघी घरात कुजबुजून बोलतो. पोपट काल म्हणाला, तुमच्या घरात मुकी माणसं राहतात काय? पोपट म्हणजे कालव्याच्या पुलावर उसाचं गुऱ्हाळ लावतो तो. तुला आक्काचा भाऊ म्हणून ओळखतो.

नव्या गाडीवर मला एकदा केडगाव स्टेशनपर्यंत ने. बुलेटवर मागं बसले की दोन दिवस माझे दात हलायचे.

तुझी
अंजना

अण्णा, मी बरी आहे. नवीन गाडी घेतली, आनंद वाटला. सावकाश चालवा. तुमची, करुणा.


शिरूर
४ मे १९९९

प्रिय अंजना,

पत्राला उशीर झाला. गाडी ठीक आहे. पाय बसले. आता विचार करावा लागत नाही.

एक तारखेला सुट्टी होती म्हणून लांब नेली. न्हावऱ्याच्या पुढे रस्ता खराब आहे. बुलेटवर खड्डा आधी हाताला कळायचा, हिच्यावर पाठीला कळतो. पारगावच्या पुलावर थांबलो. भीमेत पाणी नाही.

एक विचारायचं होतं. करुणाला लग्नात दिलेली पितळी घागर अजून वापरात आहे का? भरली की ती फार जड होते. देताना मी ते पाहिलं नाही, नुसती चकाकी पाहिली. मी प्लास्टिकचा हंडा पाठवून देतो. घागर माळ्यावर टाकून दे.

तुमच्या अंगणात दुपारी सावली असते का? लिंबाची सावली कुठपर्यंत येते?

मला जेवण जात नाही. ताप नाही. उन्हाचं असेल.

दादा


केडगाव
१० मे १९९९

दादा,

तुझं पत्र वाचलं आणि ठेवून दिलं. पुन्हा काढून वाचलं. घागर, हंडा, सावली. हे काय लिहिलंस? माझ्या घरात प्लास्टिकचे तीन हंडे आहेत. तुझ्या हंड्यावाचून काही अडलं नाही.

पारगावच्या पुलावर थांबलास म्हणतोस. मग पोपट म्हणाला ते काय? मी काल त्याच्याकडे गेले होते. मला म्हणाला, “आक्का, तुजा भाऊ दारापातुर आला आन् माघारी गेला. भांडान झालं का?” मी म्हणाले, माझा भाऊ आला असता तर मला फटफटी ऐकू आली नसती का? तो म्हणाला, नव्या गाडीवर होता, काळ्या. पुलापर्यंत ढकलत आणली. मग तोंडावर पाणी मारलं आणि बसून राहिला. पोपटनं रस दिला तो घेतला नाही.

त्या दिवशी करुणालाही काही चाहूल लागली होती. मी आधण ठेवलं. कोणी आलं नाही.

दादा, भाऊ बहिणीच्या दारापर्यंत येऊन पाणी न पिता माघारी गेला, हे आता सगळ्या वस्तीला माहीत आहे. मी काय केलं ते मला सांग. फाल्गुनात शिक्रापूरच्या लग्नात मी चार बायकांत बोलले, की माझ्या सुनेला अजून मूल नाही. तेवढंच ना? तुझ्या कानावर कोणी घातलं ते मला माहीत आहे. पण मी खोटं बोलले का? आणि बोलले तर भाचीबद्दल बोलले, मला तेवढाही हक्क नाही?

तुझा राग असेल तर माझ्यावर काढ. पण दारात येऊन काढ.

अंजना


शिरूर
१६ मे १९९९

अंजना,

लग्नातलं मला काही माहीत नाही. कोणी सांगितलं नाही.

मी तुझ्या कुंपणापर्यंत आलो होतो. कार्ड टाकलं नव्हतं. तुम्हाला दचकवायचं होतं, त्या गवळ्यासारखं. कोपऱ्यावरच्या बाभळीखाली गाडी लावली. कुत्र्यानेसुद्धा मान उचलली नाही.

करुणा अंगणात उभी होती. डोक्यावर पितळी घागर होती. भरलेली होती, कारण काठावरून थेंब येऊन तिच्या मानेवर उतरत होते. पायात काही नव्हतं. तू लिंबाखाली बसून तांदूळ निवडत होतीस. मला वाटलं ती आत्ताच पाणी घेऊन आली आहे आणि तू तिला काही तरी सांगते आहेस. मी हसत होतो, अंजना. माझा अंगठा हॉर्नवर होता.

ती पुढे आली नाही. घागर घेऊन तशीच उभी होती. मग मला तिचे हात दिसले. ज्याच्या डोक्यावर ओझं असतं तो एका हाताने तरी ते धरतो. तिचे दोन्ही हात खाली होते. ज्याला तसं पुष्कळ वेळ उभं राहायची सवय असते त्यालाच ते जमतं. तिने एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला. तू मान वर केली नाहीस. सतीश आत झोपला असेल म्हणून हळू बोललीस, पण मी जवळ होतो.

“हालू नगं. तुज्या बापाची फटफटी वाजली, की मग उतरव.”

तुझ्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी आत आलो असतो असं मला वाटतं. तू हे जसं बोललीस तसं माणूस रोजचं बोलतो.

मी माघारी फिरलो. गाडी सुरू केली नाही, ढकलत नेली. सुरू केली असती तरी तुम्हाला ऐकू आली नसती, हे पुलावर बसल्यावर सुचलं.

तेव्हापासून मी मागच्या सगळ्या खेपा आठवतो आहे. दर वेळी करुणा धुतलेली साडी नेसून दारात असायची. केस विंचरलेले. एकदा तिची मान आखडली होती, ती म्हणाली उशी चुकली. एकदा तिने खाली बसताना खांबाला धरलं, तू म्हणालीस आळशी आहे. मी हसलो. पुलापासून तुझ्या दारापर्यंत बुलेटला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तुम्ही दोघी तयार व्हायचात. मला तयार झालेलंच दिसलं. मी त्याला सुख म्हणत होतो.

आता मी दौऱ्यावर कोणाच्याही दारात गेलो की आधी लांब उभा राहून हॉर्न देतो. मला काही बघायचं नाही.

करुणाला न्यायला येतो आहे. कोणत्या दिवशी ते लिहीत नाही.

साहेबराव


केडगाव
२२ मे १९९९

दादा,

तुझं पत्र मी भिंतीकडे तोंड करून वाचलं. तू कुंपणाशी होतास आणि मी तांदूळ निवडत होते. मला अजून ते खरं वाटत नाही. माझ्या पाठीमागं एवढ्या जवळ कोणी येऊ शकतं, हे मला ठाऊक नव्हतं.

मी नाही म्हणणार नाही. सतीश रात्रपाळी करून दारात आला आणि ही झोपलेली होती. नवरा कडी वाजवतो आहे आणि बायको झोपलेली. मी उभं केलं. मारलं नाही. मी कधी हात लावला नाही तिला, तिलाच विचार.

पण आता माझं ऐक. मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा माझ्या सासूनं मला ह्याच अंगणात उभं केलं. ह्याच लिंबाजवळ, तेव्हा लिंब माझ्या कमरेएवढा होता. सावली नव्हती. तू तेव्हा सायकलवर यायचास. सायकल काही वाजत नाही, पण तू शहाणा, आधी कार्ड टाकायचास. कार्ड आलं की सासू माझ्या डोक्याला तेल लावायची. अंगणात सडा घालायला लावायची. तू येऊन बसायचास, जेवायचास आणि घरी जाऊन आईला सांगायचास, अंजा सुखात आहे. मी दारात उभी राहून तुझी पाठ बघायचे. तू एकदाही कार्ड न टाकता आला नाहीस. मला वाटायचं, येईल एखाद्या दिवशी. मग वाटायचं बंद झालं. तुला बघायचं होतं तेवढं तू बघितलंस.

आणि त्या दिवशीचं. तू सगळं लिहिलंस, किती वेळ उभा होतास ते लिहिलं नाहीस. हॉर्नवर अंगठा होता म्हणतोस. दाबला का नाही? दाबला असतास तर तिनं तिथंच घागर उतरवली असती. दादा, ती घागर मी उतरवली नाही आणि तूही उतरवली नाहीस.

बुलेट विकू नको. इथं यायचं तर तिच्यावरच ये. सगळ्यांना तेच सोसत होतं.

आणि हे काय केलंस? नेणार म्हणालास, मला वाटलं समोर येऊन नेशील. काल मी बाजारातून आले तर घर उघडं, सतीश आत झोपलेला, चुलीवर भाकरी झाकलेली आणि ती नाही. तिची एक पिशवी नाही. पोपटला काही दिसलं नाही, कोणालाच काही ऐकू आलं नाही. कसं येणार, तुझ्या त्या गाडीवर. मी तुझी बहीण आहे, दादा. माझ्या घरातून तू माणूस चोरून नेलंस.

ती पोहोचली एवढं तरी कळव.

अंजना


(दाराच्या कडीत खोचलेली चिठ्ठी)

केडगाव, २५ मे

अंजना, तुझं पत्र आज सकाळी मिळालं. तसाच निघालो. करुणा माझ्याकडे नाही. मी तिला नेलं नाही. एक तारखेनंतर मी इकडे आलोच नव्हतो. इथे कुलूप आहे. शेजारी कोणाला काही माहीत नाही. तुमच्या विहिरीत बघितलं. मी कालव्याच्या कडेने पाटसकडे जातो आहे, पोपटने दोन पोहणारी माणसं दिली आहेत. सतीशला कारखान्यातून बोलावून घे. चौकीत मी सांगून येतो. तू घर सोडू नको, ती आली तर कोणी तरी असू दे.

दादा


कुरकुंभ
२८ मे १९९९

अण्णा,

मी जिवंत आहे. चांगली आहे.

हे पत्र मी इतक्यात लिहिणार नव्हते. काल सतीश कारखान्याच्या गेटवर भेटले. तुम्ही कालव्यात माणसं उतरवलीत, तीन दिवस काठाने फिरत होतात, हे त्यांच्याकडून कळलं. मला माफ करा. मला वाटलं होतं आत्या म्हणेल ती बापाकडे गेली, तुम्ही म्हणाल ती आत्याकडे आहे. असे बरेच दिवस निघतील. तुम्ही दोघं एकमेकांना इतक्या लवकर विचाराल असं वाटलं नाही.

मी धुरपदाबाईंकडे राहते. त्या पूर्वी आपल्या वस्तीवरच होत्या, आता इथं गोळ्यांच्या पॅकिंगला जातात. त्यांनी मलाही लावून घेतलं. बसून काम आहे. डोक्याला टोपी घालावी लागते. पहिल्या दिवशी बाकीच्या बायका हसल्या, कारण मी टोपी घालून मानच हलवत नव्हते.

त्या दिवशी मी तुम्हाला पाहिलं होतं.

घागर डोक्यावर असली की मान वळवता येत नाही. समोर असतं तेवढं दिसतं. समोर कुंपण होतं. तुम्ही आलात, बाभळीखाली गाडी लावलीत. हसत होतात. गाडी नवी होती, चाकं चमकत होती, मला वाटलं दुसराच कोणी माणूस आहे. मग ओळखलं आणि वाटलं, झालं आता. मग तुमचं हसू गेलं. तुम्ही माझ्या हातांकडे बघत होतात. मग तुम्ही गाडी फिरवलीत आणि मला पाठ दिसली. मी हाक मारू शकले असते. मारली नाही. तुम्हाला हाक मारून बोलवावं लागेल, हे मला माहीत नव्हतं.

तुम्ही वळणाआड गेलात आणि मी घागर उतरवली.

आत्याला वाटलं फटफटी आली. तिला काही ऐकू आलं नव्हतं, पण मी उतरवली म्हणजे आलीच असणार. ती उठली, तांदूळ झाकले, आधण ठेवलं. मला म्हणाली साडी बदल. मी बदलून आले. आम्ही दोघी दारात उभ्या राहिलो. तिनं माझ्या तोंडावरचा घाम पदरानं पुसला. पुष्कळ वेळ गेला. आधण आटलं. मग तिनं विचारलं, “मग उतारलीस कशापायी?” मी म्हटलं, जड झाली.

ती पुन्हा तांदळापाशी जाऊन बसली, अण्णा. मी चार वर्षं उभी राहिले आणि एकदा उतरवली तर आभाळ पडलं नाही. मी आत गेले आणि भाकऱ्या थापल्या. इतकं सोपं होतं, याचा धक्का बसला होता.

त्यानंतर तिनं मला उभं केलं नाही. पण ती सारखी रस्त्याकडे बघायची. भांडी घासताना थांबायची आणि मला विचारायची, काही वाजलं का गं? मी हो म्हणायचे. ती लगेच पदर सावरायची. दोन-तीनदा मी हो म्हटलं, आणि मग माझीच मला भीती वाटली. मला दिसायला लागलं की मी इथं राहिले तर पुढं काय होईन. म्हणून निघाले.

आत्या वाईट आहे असं समजू नका. आई गेली तेव्हा मला कुशीत घेऊन ती रात्रभर बसायची, ते खोटं नव्हतं. उभं करायची तेही खोटं नव्हतं. तापात माझे पाय चेपायची. दोन्ही करणारी एकच बाई आहे. तिच्याकडे जाणं बंद करू नका. तिला आता फार आवाज ऐकू येत असतील.

सतीश काल पाळी सुटल्यावर खोलीवर आले. पायरीवर बसले, चहा घेतला. आईला काय सांगू म्हणाले. मी म्हटलं, इथं आहे म्हणून सांगा. त्यांना माहीत होतं का, हे मी विचारलं नाही. दिवसाची झोप इतकी गाढ नसते. उद्या येतो म्हणाले. येतील का ते बघते.

शिरूरला येणार नाही. तुम्ही न्यायला याल, मला मागं बसवाल, सगळं नीट कराल, ते मला कळतं. पण तिथं मी तुमच्या समोर ताट वाढेन आणि तुम्ही माझ्या हातांकडे बघाल. आपल्या दोघांनाही ते जमणार नाही. इतकी वर्षं मी तुमच्या येण्याची वाट बघून उभी होते. तुम्ही आलात आणि गेलात. आता मी कोणाची वाट बघत नाही, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा हे बरं आहे.

रविवारी मला सुट्टी असते. हायवेला लागून चाळ आहे, डावीकडून तिसरी खोली, पुढं तारेचं कुंपण आहे. यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. आलात तर कुंपणाशी थांबू नका. फाटकाला कडी नाही. आत या.

करुणा